पावतीला ४० सेकंद: महापेतला डेटाबेस, उरणचं यार्ड आणि उत्तर न देणारा नेमसर्व्हर

न्हावा-शेवा बंदराच्या पट्ट्यात, उरणच्या बाजूला एका वाहतूक कंपनीचं कंटेनर यार्ड आहे. मुख्य कचेरी आणि सर्व्हर महापे एमआयडीसीत. यार्डाच्या गेटवर वजनकाट्याच्या दोन खिडक्या, आत गोदामात चार संगणक आणि चेकरच्या हातात बारकोड स्कॅनर. ट्रेलर काट्यावर चढला की वजन नोंदवायचं आणि गेटपास छापायचा, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. छपाई धरून एका पावतीला ३ ते ४ सेकंद लागायचे. एका शनिवारी सकाळपासून तीच पावती ४० सेकंदांच्या वर जायला लागली. ट्रेलरची रांग गेटबाहेर गेली, तेव्हा काट्यावरच्या कारकुनाने महापे ऑफिसला फोन लावला: "सर, सेव्ह दाबलं की नुसतं फिरत राहतं. पण एकदा का आत गेलं, की मागच्या नोंदी भराभर दिसतात."

निदानाचा निम्मा भाग कारकुनाच्या या तक्रारीतच होता. डेटाबेस हळू असेल तर नोंदी शोधतानाही तो हळूच चालतो. इथे आत शिरायला वेळ लागत होता, आत गेल्यावर सगळं सुरळीत होतं. म्हणजे दुखणं क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) नव्हतं, जोडणी उभी राहण्यात होतं. तक्रार घेणाऱ्याने हा फरक तेव्हाच टिपून ठेवला असता तर पुढचे चार तास वाचले असते.

मांडणी साधी होती. डेटाबेस मायएसक्यूएल ८.०, रॉकी लिनक्स ८ वर, पत्ता १९२.१६८.१०.२०. महापेतले सगळे संगणक १९२.१६८.१० च्या जाळ्यात, यार्डातले १०.२०.४० च्या जाळ्यात, मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी दुवा. काट्यावरचा प्रोग्राम विंडोजवर, ओडीबीसी ड्रायव्हरमधून (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या दुव्यातून) थेट डेटाबेसला जोडणारा. तो कायमची जोडणी धरून ठेवत नाही. वजन वाचताना एकदा आणि पावती सेव्ह करताना एकदा, अशी प्रत्येक पावतीला दोनदा नवी जोडणी उघडतो आणि बंद करतो. ४० सेकंदांचा हिशोब इथूनच लागतो, पण शनिवारी सकाळी तो कुणी मांडला नव्हता.

संशय कुठे कुठे गेला

आदल्या दिवशी, शुक्रवारी, एमआयडीसीच्या त्या भागात देखभालीसाठी वीज बंद होती. यूपीएसची बॅटरी संपण्याआधी सर्व्हर नीट बंद केला आणि संध्याकाळी पुन्हा चालू केला. शनिवारी सकाळी तक्रार आली, त्यामुळे पहिला संशय साहजिकच त्या बंद-चालूवर गेला: डिस्क बिघडली असेल, टेबल खराब झालं असेल, मेमरीतला बफर पूल रिकामा असल्याने सगळं डिस्कवरून वाचलं जात असेल. बफर पूल रिकामा असताना पहिला काही वेळ क्वेऱ्या हळू चालतात हे खरं, पण त्यातून प्रत्येक जोडणीला नेमके २० सेकंद येत नाहीत. स्लो क्वेरी लॉग उघडला, तर तो कोरा. तो कोराच असणार होता, कारण त्या लॉगमध्ये क्वेरीला लागलेला वेळ येतो, जोडणी होण्यात गेलेला वेळ येत नाही. 'लॉगमध्ये काही नाही, म्हणजे डेटाबेस ठीक आहे' हा निष्कर्ष अशा प्रकरणात हमखास काढला जातो आणि तो दिशाभूल करतो.

दुसरा संशय व्हीपीएनवर. त्याला आधारही होता. त्याआधीच्या एका सोमवारी महापे कचेरीचं इंटरनेट एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेलं होतं आणि व्हीपीएन नव्या पत्त्यावर पुन्हा जुळवला होता. यार्डच हळू आणि महापे झटपट, मग दोष मधल्या रस्त्याचाच, असा तर्क झाला. पिंग मात्र १२ मिलिसेकंदांत परत येत होता आणि मोठी फाइल त्याच रस्त्याने नेहमीच्या वेगाने उतरत होती. शिवाय महापेतच लेखा विभागाला नुकतेच दिलेले दोन लॅपटॉपही तसेच अडकत होते. त्यांचा व्हीपीएनशी काही संबंध नव्हता, ते सर्व्हरच्याच स्विचवर होते. व्हीपीएनची बाजू तिथेच संपली.

कमाल जोडण्यांची मर्यादा वाढवून पाहायचीही सूचना आली. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात १५१ असते. अडकलेली प्रत्येक जोडणी त्यातली एक जागा अडवते, त्यामुळे गर्दीत ती मर्यादा भरूही शकते. पण ते लक्षण आहे, कारण नव्हे. मर्यादा वाढवली असती तर अडकून पडणाऱ्या जोडण्यांना आणखी जागा मिळाली असती, इतकंच.

मोजणी

इथून पुढे अंदाज सोडून घड्याळ लावलं, आणि तासाभरात चित्र स्पष्ट झालं. पहिली मोजणी अगदी स्वस्तातली: मायएसक्यूएलच्या कमांड-लाइन क्लायंटने जोडून फक्त 'सिलेक्ट १' चालवायचं आणि एकूण वेळ पाहायचा. या क्वेरीला स्वतःचा वेळ जवळपास नाहीच, म्हणून जे मोजलं जातं ती जोडणीच. सर्व्हरवरूनच, सॉकेटमधून (नेटवर्क न वापरता): क्षणात. सर्व्हरवरूनच १२७.०.०.१ वर: क्षणात. महापेतल्या जुन्या संगणकावरून: क्षणात. यार्डातून: २० सेकंदांहून किंचित जास्त, दहाच्या दहा वेळा.

यात एक खाचखळगा आहे. सर्व्हरवर बसून केलेली चाचणी या आजारात कधीच नापास होत नाही. लूपबॅक, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच १२७.०.०.१ या पत्त्यावरून येणाऱ्या जोडणीसाठी मायएसक्यूएल नेमसर्व्हरकडे (पत्त्यावरून नाव आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे) संगणकाच्या नावाची चौकशी करतच नाही. त्यामुळे सर्व्हररूममधून 'इथे तर चालतंय' असं सांगणारा माणूस खरंच बोलत असतो, पण त्या खरेपणाचा उपयोग नसतो. चाचणी दुखत असलेल्या जागेवरूनच करायची.

दुसरी मोजणी वाट दुभंगणारी. ओडीबीसीच्या डीएसएनमध्ये (जोडणीची माहिती लिहिलेल्या नोंदीत) सर्व्हरचं नाव असेल तर त्या जागी थेट आयपी पत्ता घालून पाहायचा. उशीर गेला, तर नावाची चौकशी ग्राहकाच्या बाजूला अडकते आहे. उशीर तसाच राहिला, तर चौकशी सर्व्हर करतो आहे. इथे पत्ता घालूनही २० सेकंद तसेच राहिले. पुढचा सगळा शोध सर्व्हरवर.

तिसरी मोजणी टेलनेटने, यार्डातून ३३०६ या पोर्टवर. विंडोजमध्ये टेलनेट मुळात बंद असतो, 'विंडोज फीचर्स'मधून चालू करावा लागतो. निरोगी मायएसक्यूएल जोडणी लागताक्षणी स्वतःहून एक ओळ पाठवतो. तिच्यात आवृत्तीचा आकडा वाचता येतो, बाकी अक्षरं विचित्र दिसतात. इथे पडदा काळा झाला, म्हणजे टीसीपी जोडणी लगेच लागली, आणि ती ओळ २० सेकंदांनी उमटली. पोर्ट उघडा आहे का एवढंच सांगणारी साधनं, उदाहरणार्थ पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन, इथे लगेच 'ट्रू' म्हणतात. टीसीपीचा हँडशेक (जोडणी लावण्याची सुरुवातीची देवाणघेवाण) लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, परस्पर उरकतो, मायएसक्यूएल त्या वेळी कशात गुंतला आहे याच्याशी कर्नलला घेणंदेणं नसतं.

स्कॅनरचा त्रास निराळा दिसत होता, पण मूळ एकच. यार्डातल्या स्कॅनर-सेवेत जोडणीची मर्यादा १० सेकंदांची होती, म्हणून तिथे उशीर दिसण्याऐवजी २०१३ क्रमांकाची त्रुटी यायची: 'लॉस्ट कनेक्शन टू मायएसक्यूएल सर्व्हर', आणि पुढे 'रीडिंग इनिशियल कम्युनिकेशन पॅकेट'. हे शेवटचे शब्द मोलाचे आहेत. सर्व्हरकडून यायचं पहिलंच पॅकेट आलं नाही, असं त्यातून कळतं. पासवर्ड विचारण्याची पाळीही आलेली नसते, म्हणून पासवर्ड आणि परवानग्या तपासत बसण्यात अर्थ नाही. शिवाय स्कॅनर १० सेकंदांत निघून गेला तरी सर्व्हरवरचा त्याचा धागा (त्या जोडणीचं काम पाहणारा भाग) चौकशी संपेपर्यंत अडकलेलाच राहतो. चेकर पुन्हा बटण दाबतो, दुसरा धागा अडकतो. प्रोसेसलिस्टमध्ये (चालू जोडण्यांच्या यादीत) 'अनऑथेंटिकेटेड यूजर' अशा नावाच्या ओळी साचलेल्या दिसत होत्या त्या यामुळे.

मग सर्व्हरवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावला, एकाच वेळी ३३०६ आणि ५३ ही दोन्ही पोर्टं पाहत. टीसीपीडंप चालवताना 'एन' हा पर्याय द्यायचाच. नाहीतर दिसणाऱ्या प्रत्येक पत्त्याचं नाव तो स्वतःच शोधायला जातो, त्याच आजारी नेमसर्व्हरकडे, आणि त्याचे स्वतःचे प्रश्न आपण शोधत असलेल्या प्रश्नांत मिसळतात. नेटस्टॅट, आयपीटेबल्स, ट्रेसरूट यांनाही हाच नियम लावावा. विंडोजच्या ट्रेसर्टला त्यासाठी 'डी' द्यावा लागतो.

यार्डातल्या १०.२०.४०.४५ या काट्यावरच्या संगणकाची एक जोडणी अशी दिसली:

०.०० सेकंद: ग्राहकाकडून जोडणीची विनंती, हँडशेक लगेच पुरा.
०.०१: सर्व्हरचा पहिल्या नेमसर्व्हरला पीटीआर प्रश्न ('या पत्त्याचं नाव काय?'), '४५.४०.२०.१०.इन-ॲडर.आर्पा'.
५.०१: तोच प्रश्न दुसऱ्या नेमसर्व्हरला.
१०.०२: पुन्हा पहिल्याला.
१५.०२: पुन्हा दुसऱ्याला.
२०.०३: ३३०६ वरून ग्राहकाला स्वागताचं पॅकेट.

चार प्रश्न, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. 'माहीत नाही' असंही नाही.

२० सेकंद आले कुठून

बाहेरून जोडणी आली की मायएसक्यूएल आधी ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव शोधतो आणि मिळालेल्या नावावरून परत पत्ता शोधून दोन्ही जुळतात का ते पाहतो. खातं 'अमुक यूजर, तमुक संगणकावरून' असं बांधलेलं असू शकतं, म्हणून ही चौकशी. ती स्वागताच्या पॅकेटच्या आधी होते, त्यामुळे तोवर ग्राहकाला काहीच कळत नाही.

ही चौकशी लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत प्रोग्राम-लायब्ररीतून जाते आणि तिची सेटिंग 'इटीसी' फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह-कॉन्फ या फाइलीत असते. काही लिहिलेलं नसेल तर टाइमआउट ५ सेकंद आणि फेऱ्या २. नेमसर्व्हर एकच आणि तो मुका असेल तर १० सेकंद. दोन्ही मुके असतील तर दोन फेऱ्यांत चार वेळा पाच, म्हणजे २०. पहिला मुका आणि दुसरा जिवंत असेल तर ५. जोडणीचा उशीर नेमका ५, १० किंवा २० सेकंद दिसला, की आधी नेमसर्व्हर पाहावा. खऱ्या गर्दीमुळे होणारा उशीर कमीजास्त होत राहतो. असा गोल आकडा पुन्हापुन्हा येतो, तेव्हा कुणीतरी टाइमआउट संपण्याची वाट पाहत असतं.

एक बारकावा: मेलेला नेमसर्व्हर त्याच स्विचवर असता, तर एआरपीला ('हा पत्ता कुणाचा?' या स्थानिक जाळ्यातल्या हाकेला) उत्तर न मिळाल्याने कर्नलनेच साधारण ३ सेकंदांत 'तिथे कुणी नाही' असं कळवलं असतं आणि आकडा वेगळा आला असता. पूर्ण ५ सेकंद जातात तेव्हा पॅकेट दूर कुठेतरी गुपचूप टाकून दिलं जात असतं.

रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये दोन पत्ते होते, दोन्ही जुन्या इंटरनेट सेवेच्या नेमसर्व्हरचे. कचेरीतल्या इतर संगणकांना नेमसर्व्हरचा पत्ता राउटरकडून डीएचसीपीने मिळतो, त्यामुळे सोमवारच्या बदलात ते आपोआप नव्या पत्त्यावर गेले. डेटाबेस सर्व्हरचे पत्ते मात्र हाताने लिहिलेले होते. सेवा पुरवणाऱ्यांचे नेमसर्व्हर बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात, बाहेरून आलेला प्रश्न टाकून देतात. सोमवारपासून आपला सर्व्हर त्यांच्या दृष्टीने बाहेरचा झाला. डेटाबेस सर्व्हरवर कुणी ब्राउझर उघडत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मोडलेलं शनिवारी का दिसलं

प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच. मायएसक्यूएल एकदा केलेल्या चौकशीचं उत्तर होस्ट कॅशमध्ये ठेवतो. त्या कॅशला मुदत नसते. नोंद जाते ती जागा भरल्यावर, हाताने पुसल्यावर किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर. कमाल जोडण्या १५१ असताना कॅशचा आकार आपोआप २७९ ठरतो. इथे सगळे मिळून संगणक पन्नासच्या आत, म्हणजे जागा कधीच भरत नव्हती.

जुनी सेवा चालू होती तेव्हा यार्डाच्या पत्त्यांना तिचे नेमसर्व्हर तत्काळ 'असं नाव नाही' असं उत्तर देत. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे खाजगी वापराचे पत्ते असल्याचं आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने १९९६ मध्ये ठरवलं आहे, बाहेरच्या जगाला त्यांची नावं ठाऊक असण्याचं कारणच नाही. मायएसक्यूएलला ते ठाम 'नाही' पुरतं. तो 'या पत्त्याला नाव नाही' अशी पक्की नोंद करतो आणि पुढच्या वेळी विचारत नाही. सोमवारी नेमसर्व्हर मुके झाले, पण कॅशमधल्या जुन्या नोंदींवर यार्ड शुक्रवारपर्यंत चालत राहिलं. शुक्रवारी सर्व्हर बंद झाला, कॅश पुसली गेली, आणि शनिवारी पहिल्यांदाच प्रत्येक संगणकासाठी नव्याने विचारणा सुरू झाली.

मग पहिल्या २० सेकंदांनंतर तरी नोंद का झाली नाही? उत्तरच न येणं ही मायएसक्यूएलच्या लेखी तात्पुरती अडचण असते. तात्पुरत्या अडचणीवर तो कायमची नोंद करत नाही. प्रत्येक नव्या जोडणीला तो पुन्हा विचारतो, आणि ठाम 'हो' किंवा ठाम 'नाही' मिळेपर्यंत विचारतच राहतो. परफॉर्मन्स स्कीमामधल्या होस्ट-कॅश या टेबलात हे उघड दिसत होतं. यार्डाच्या प्रत्येक पत्त्यासमोर 'होस्ट व्हॅलिडेटेड' या रकान्यात 'नो', आणि 'नेमइन्फो ट्रान्झियंट एरर्स'चा आकडा प्रत्येक पावतीगणिक दोनने वाढत होता. या टेबलावर एक नजर टाकली असती तर टीसीपीडंपशिवायही निदान झालं असतं. मायएसक्यूएलचा जोडणीचा उशीर तपासताना हे टेबल सगळ्यांत आधी उघडावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

महापेतले जुने संगणक का वाचले? सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत कुणीतरी पूर्वी त्यांची नावं लिहून ठेवली होती. ती फाइल नेमसर्व्हरच्या आधी पाहिली जाते, म्हणून बाहेर विचारायची वेळच आली नाही. लेखा विभागाचे नवे लॅपटॉप त्या यादीत नव्हते.

निदान पक्कं करताना 'डिग' या नेमसर्व्हर तपासणाऱ्या कमांडवर विसंबू नये. डिग होस्ट्स फाइल पाहत नाही, थेट नेमसर्व्हरकडे जातो आणि त्याचे टाइमआउटही स्वतःचे असतात. 'गेटेंट होस्ट्स' ही कमांड मात्र मायएसक्यूएलच्याच वाटेने जाते: आधी फाइल, मग नेमसर्व्हर, तेच टाइमआउट. तिला १०.२०.४०.४५ देऊन वेळ मोजली, तर २० सेकंद. जुन्या संगणकाचा पत्ता दिला, तर क्षणात. मायएसक्यूएल बाजूला ठेवूनही दोष जसाच्या तसा पुन्हा दाखवता आला, म्हणजे निदानात शंका उरली नाही.

दुरुस्ती

रांग हटवणं पहिलं. त्यासाठी यार्डाच्या जाळ्यातले २५४ पत्ते होस्ट्स फाइलीत घातले, 'यार्ड-४५' अशा पद्धतीने प्रत्येकाला वेगळं नाव देऊन. एका ओळीच्या लूपने दोन मिनिटांत होतं आणि मायएसक्यूएल पुन्हा सुरू करावा लागत नाही. पुढच्याच पावतीपासून यार्ड मोकळं झालं. हा उपाय तात्पुरता आहे आणि तात्पुरताच ठेवावा. नवं जाळं जोडलं की तोच दोष पुन्हा उभा राहतो, आणि तोवर ही यादी कुणी केली हे कुणालाच आठवत नसतं.

नंतर नेमसर्व्हरचे पत्ते बदलले. रॉकी लिनक्सवर रिझॉल्व्ह-कॉन्फ थेट हाताने बदलून उपयोग नाही, नेटवर्कमॅनेजर पुढच्या वेळी ती पुन्हा लिहितो. पत्ते आणि पर्याय त्याच्याच 'एनएमसीएलआय' या कमांडमधून त्या जोडणीच्याच सेटिंगमध्ये घातले: पहिला पत्ता कचेरीतल्या राउटरचा, दुसरा नव्या सेवेचा, टाइमआउट १, फेऱ्या २. आता दोन्ही मुके झाले तरी फार तर ४ सेकंद जातील. जीलिबसी २.२६ पासून पुढे ही फाइल बदलली की चालू प्रोग्रामना नवी सेटिंग आपोआप कळते. सेंटओएस ७ सारख्या जुन्या प्रणालीत जीलिबसी २.१७ असते, तिथे मायएसक्यूएल पुन्हा सुरू केल्याशिवाय फरक पडलेला दिसेलच असं नाही, आणि मग 'बदल करूनही काही झालं नाही' असा गैरसमज होतो.

राउटरमध्ये डीएनएसमास्क हा छोटा नेमसर्व्हर चालतो. त्यात 'बोगस-प्रिव्ह' हा पर्याय चालू केला. खाजगी पत्त्यांबद्दलचा उलटा प्रश्न आला आणि स्वतःला नाव माहीत नसेल, तर तो बाहेर न पाठवता तिथल्या तिथे 'असं नाव नाही' असं उत्तर देतो. ज्यांच्याकडे बाइंड किंवा अनबाउंड हा नेमसर्व्हर आहे त्यांच्याकडे खाजगी पत्त्यांसाठी अशी सोय बहुधा आधीपासून असते, फक्त कुणी बंद केली नाही ना एवढं पाहावं.

शेवटचा आणि खरा उपाय मायएसक्यूएलमध्येच: 'स्किप-नेम-रिझॉल्व्ह'. मग सर्व्हर नावाची चौकशी करतच नाही, फक्त आयपी पत्त्यावर चालतो. ही सेटिंग चालू सर्व्हरवर बदलता येत नाही. मायएसक्यूएल पुन्हा सुरू करावा लागतो, आणि घाई केली तर दुसरंच काहीतरी मोडतं. म्हणून आधी यूजर टेबलातला होस्ट रकाना पूर्ण वाचायचा. त्यात संगणकाच्या नावाने बांधलेलं प्रत्येक खातं या सेटिंगनंतर निकामी होतं. इथे लेखा विभागाची तीन खाती तशी निघाली. ती 'रीनेम यूजर'ने '१९२.१६८.१०.%' वर नेली, म्हणजे परवानग्या जशाच्या तशा राहिल्या. पण डेटाबेसमध्ये साठवलेल्या व्ह्यू आणि स्टोअर्ड प्रोसिजरच्या डिफायनरमध्ये (त्या कुणाच्या नावावर आहेत त्या नोंदीत) जुनं खातं कोरलेलं असतं आणि ते या आज्ञेने बदलत नाही, तेही शोधून बदलावं लागलं.

याहून सहज निसटणारी गोष्ट बॅकअपची. रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट १२७.०.०.१ वर टीसीपीने जोडत होती आणि तिचं खातं 'लोकलहोस्ट'चं होतं. एरवी १२७.०.०.१ म्हणजे लोकलहोस्ट असं सर्व्हर मानून घेतो. स्किप-नेम-रिझॉल्व्ह लावल्यावर मानत नाही, आणि बॅकअप त्याच रात्री बंद पडतो. स्क्रिप्ट सॉकेटवर नेली. '१२७.०.०.१' साठी वेगळं खातं करूनही चाललं असतं. सेटिंग लावल्यावर बॅकअप हाताने एकदा चालवून, फाइल खरंच तयार झाली का ते पाहिल्याशिवाय काम संपलं असं समजू नये.

यार्डातून आता एक जोडणी साधारण ८० मिलिसेकंदांत होते. यापेक्षा फारसं खाली जाणार नाही: टीसीपी, टीएलएस आणि पासवर्ड मिळून व्हीपीएनवरून पाच-सहा फेऱ्या होतात आणि प्रत्येकीला १२ मिलिसेकंद लागतात. म्हणूनच प्रोग्राम बनवणाऱ्याकडून पावतीमागे दोनऐवजी एकच जोडणी करून घेतली. जोडण्यांचा पूल, म्हणजे उघड्या जोडण्या राखून त्याच पुन्हा वापरायची सोय, लावायची सूचनाही आली होती. पूल चांगलाच, पण तो निदानाच्या आधी लावू नये. जोडण्या क्वचितच नव्याने उघडतात, त्यामुळे दोष दिसेनासा होतो आणि पुढच्या रीस्टार्टच्या दिवशी सगळ्या जोडण्या एकदम उघडताना तो एकवटून समोर येतो.

ठाण्यातले ५ सेकंद

यार्ड सुटलं, पण ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या शाखेतून तक्रार आली की अहवाल अजूनही अडकतो, दर वेळी नाही, आणि अडकला की ५ सेकंद. तिथला अहवाल-सर्व्हर लिनक्सवर, जावा प्रोग्राम, जेडीबीसी ड्रायव्हर, आणि जोडणीच्या ओळीत डेटाबेसचं नाव. नावाऐवजी पत्ता घातला, तर उशीर गायब. म्हणजे या वेळी दोष ग्राहकाच्या बाजूला.

नाव शोधताना जीलिबसी आयपीव्ही४ चा 'ए' आणि आयपीव्ही६ चा 'क्वाड-ए' असे दोन प्रश्न एकाच सॉकेटमधून पाठोपाठ पाठवतो. शाखेतला फायरवॉल पहिलं उत्तर आत सोडून त्या प्रश्नोत्तराची आपली नोंद बंद करायचा आणि दुसरं उत्तर टाकून द्यायचा. जीलिबसी दुसऱ्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबून, मग एकेक प्रश्न विचारून काम भागवत होता. 'दर वेळी नाही' याचं कारण जावा: मिळालेलं उत्तर ती मुळात ३० सेकंद लक्षात ठेवते, तेवढ्या वेळातले पुढचे अहवाल सुखरूप सुटतात. रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' हा पर्याय घातला आणि प्रश्न मिटला. जावाला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगूनही तोच परिणाम मिळतो, पण मग त्या मशीनवरचे बाकीचे प्रोग्राम आजारीच राहतात.

मायएसक्यूएल नसेल तिथे ठिकाणं बदलतात. मारियाडीबीत बहुतेक असंच आहे. पोस्टग्रेस उलटी चौकशी करतो ती 'लॉग-होस्टनेम' चालू केला असेल तर, किंवा पीजी-एचबीए फाइलीत पत्त्याऐवजी नावं लिहिली असतील तर. लॉग-होस्टनेम मुळात बंदच असतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव दिलेल्या इन्स्टन्सला जोडताना ड्रायव्हर आधी यूडीपी १४३४ वर ब्राउझर सेवेला पोर्ट विचारतो. फायरवॉलने ते अडवलं असेल तर तिथेच ताटकळतो. जोडणीच्या ओळीत सर्व्हरपुढे स्वल्पविराम देऊन पोर्ट क्रमांकच लिहिला की तो विचारत नाही.

महापेच्या सर्व्हरवर आता दर ५ मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती गेटेंटला एक खाजगी पत्ता देते, वेळ मोजते आणि १ सेकंदाच्या वर गेली तर संगणक विभागाला संदेश पाठवते. 'नाव नाही' हे उत्तर तिच्या लेखी यशच आहे, मोजायचा तो फक्त वेळ. चाचणीचा पत्ता असा निवडला आहे की तो कुठल्याच संगणकाला दिलेला नाही आणि होस्ट्स फाइलीतही नाही. फाइलीत असता तर नेमसर्व्हर मुका झाला तरी चाचणी पासच होत राहिली असती.